कानाला जुळते ते यमक
(मंडळाच्या वर्धापनदिनी शेणवा येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की विषय बहुधा ठरलेले असतात. आहार, बचत, मुलांचे संगोपन, नाहीतर एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र. यंदा आपल्या चिटणीसबाईंनी मात्र माझ्यापुढे निराळाच विषय ठेवला. त्या म्हणाल्या, "आमच्या मुलांना शाळेतून इंग्रजीचा अभ्यास येतो. 'यमक जुळणारे शब्द लिहा' असे त्यात असते. मुले आम्हांला विचारतात आणि आम्ही गप्प बसतो. तेव्हा हे यमक जुळणारे शब्द म्हणजे काय, आणि त्यांचे अर्थ काय, हे आम्हांला समजेल असे सांगा." विषय लहान दिसतो खरा, पण त्या 'गप्प बसतो' या दोन शब्दांत फार काही दडलेले आहे. म्हणून मी तो आनंदाने पत्करला.

प्रथम हे गप्प बसणे आपल्या वाट्याला का आले, ते पाहू. १९४८ साली, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, तेव्हाच्या मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून टाकले गेले आणि ते आठवीपासून शिकवू लागले. पुढे बराच काळ मराठी शाळांतून इंग्रजी पाचवीपासून असे. म्हणजे जी मुलगी चौथीनंतर घरी बसली, धाकट्या भावंडांना सांभाळू लागली, आवणीला जाऊ लागली, तिच्या कानावर शाळेतले इंग्रजी कधी पडलेच नाही. मग २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. सहा वर्षांचे मूल एबीसीडी गिरवू लागले. आता त्याची आई पाचवी-सातवी शिकलेली असो की मुळीच न शिकलेली, अभ्यास घ्यायला घरी तीच असते. मूल विचारते, आई उत्तर देत नाही, आणि दोन-तीन वेळा असे झाले की मूल म्हणते, "जाऊ दे, तुला नाही कळायचं." मुलाच्या मनात तसे काही नसते. पण ते वाक्य आईच्या जिव्हारी लागते. आणि त्याहून वाईट हे की, तिला ते खरे वाटू लागते.

मला आज एवढेच सांगायचे आहे की ते खरे नाही. इंग्रजीच्या बाकी गोष्टींविषयी तूर्त मी बोलत नाही. पण यमकाच्या बाबतीत आपण बायका कोऱ्या नाही. उलट ही विद्या आपल्या घरातलीच आहे.

आता असे पाहा. लग्नात नाव घ्यायची वेळ आली, आणि पहिल्या ओळीच्या शेवटी 'ताट' शब्द आला, तर दुसऱ्या ओळीसाठी आपण काय शोधतो? पाट, वाट, घाट, थाट, लाट, पहाट! कोणी शिकवले आपल्याला? कोणत्या पुस्तकात होते? कुठल्याच नाही. कानाने शिकवले. शेवटचा आवाज तोच, आणि पुढचा मात्र बदललेला, एवढे कानाला कळले की यमक कळले. आपल्या म्हणी घ्या. 'असतील शिते तर जमतील भुते', 'नाव मोठे लक्षण खोटे', 'दाम करी काम'. या लक्षात राहतात त्या यमकामुळेच. जात्यावरच्या ओव्यांचे तर सांगायलाच नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. ज्यांनी त्या रचल्या त्यांतल्या कितीजणींना पाटीवर अक्षर काढता येत होते? मोरोपंतांची यमके पंडितांनी वाखाणली, ते योग्यच. पण जात्याशी बसून यमक जुळवणारी बाई काही कमी नव्हती.

तर हेच यमक इंग्रजीत. पहिलीच्या मुलाला जे पहिले घराणे भेटते ते आपल्या ताट-पाटासारखेच आहे. कॅट म्हणजे मांजर. रॅट म्हणजे उंदीर. मॅट म्हणजे चटई. हॅट म्हणजे साहेबी टोपी. फॅट म्हणजे चरबी, किंवा लठ्ठ. सॅट म्हणजे बसला, बसली. बॅट म्हणजे चेंडू मारायची फळी. शेवटचे 'अॅट' कायम ठेवायचे आणि पुढचे अक्षर बदलायचे, की नवा शब्द तयार. एक शब्द लिहिता आला की सहा लिहिता येतात, हा त्यातला फायदा. मूल एकेक शब्द घोकत बसले तर दमते. घराणे कळले तर ते खेळू लागते.

दुसरे घराणे आपल्या आसनगाव स्टेशनावरच भेटते. ट्रेन म्हणजे आगगाडी, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. तिच्याशी जुळणारे रेन म्हणजे पाऊस, ग्रेन म्हणजे धान्य, चेन म्हणजे साखळी, ब्रेन म्हणजे मेंदू, आणि पेन म्हणजे दुखणे. 'रेन नाही तर ग्रेन नाही', हे वाक्य शहापूर-मुरबाडकडच्या मुलाला समजावून सांगावे लागणार नाही. त्याने खाचरात उभे राहून ते पाहिलेले आहे.

तिसरे घराणे घरात येणाऱ्या कागदांवर असते. विजेचे बिल येते, त्यावर भरण्याची शेवटची तारीख असते. डेट म्हणजे तारीख. लेट म्हणजे उशीर. रेट म्हणजे दर. गेट म्हणजे फाटक. प्लेट म्हणजे ताटली. वेट म्हणजे थांबणे, आणि वेट म्हणजे वजनही. औषधाच्या वेष्टनावर जी मुदत छापलेली असते तीही डेटच. ती डेट गेलेले औषध मुलाच्या पोटात जाऊ नये, यासाठी तरी हा एक शब्द प्रत्येकीने ओळखायला शिकावा.

आणि बिल म्हटले की त्याचेही घराणे आले. मिल म्हणजे गिरणी, हिल म्हणजे टेकडी, पिल म्हणजे औषधाची गोळी, इल म्हणजे आजारी, फिल म्हणजे भरणे, विल म्हणजे मृत्युपत्र. फॉर्म 'फिल' करायचा असतो, आणि 'इल' झाले की 'पिल' घ्यावी लागते. असे एकमेकांना बांधून सांगितले की अर्थ आपोआप लक्षात राहतो.

एक गंमत सांगते. इंग्रजीत कॉट म्हणजे पलंग. त्याच्याशी जुळणारे पॉट म्हणजे भांडे, हॉट म्हणजे गरम, नॉट म्हणजे गाठ, स्पॉट म्हणजे डाग. आता हा 'कॉट' मूळचा कोण? तो आपला 'खाट'! साहेब हिंदुस्थानात आला, खाटेवर निजला, आणि शब्द घेऊन गेला. तसाच 'लूट' हा शब्दही इंग्रजांनी इथूनच उचलला, आणि तो त्यांच्या बूट, रूट, फ्रूट, सूट या शब्दांशी चांगला जुळून बसला. बूट म्हणजे जोडा, रूट म्हणजे मूळ, फ्रूट म्हणजे फळ. इतकेच काय, मुंगसाला इंग्रजीत जे 'मंगूस' म्हणतात, तो शब्द मराठी मुंगसावरूनच तिकडे गेला. इंग्रजीत गूस म्हणजे हंसासारखे बदक. म्हणजे आपले मुंगूस आणि त्यांचे गूस यांचे यमक जुळले. आपण मात्र 'इंग्रजी म्हणजे परक्याचे' म्हणून दचकतो.

उलट बाजूही तशीच आहे. ठाणे, वसईचा हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पण चावी, पगार, बटाटा हे शब्द राहिले. ते परके आहेत असे आज कोणाला वाटते? तेव्हा आजीने स्टेशनला 'टेशन' म्हटले तर नातवाने हसू नये. शब्द दुसऱ्या घरी नांदायला गेला की थोडा बदलतोच.

एवढे सोपे सांगितले, आता अवघड सांगते. कारण अवघडही सांगितले पाहिजे. इंग्रजी यमकात तीन खाचखळगे आहेत.

पहिला खळगा अर्थाचा. यमक जुळले म्हणून अर्थ जुळत नाही. कॅट आणि मॅट यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, जसा ताट आणि लाट यांचा नाही. आणि एकाच आवाजाला अनेक अर्थही असतात. बॅट म्हणजे फळी आणि बॅट म्हणजे वटवाघूळही. लाइट म्हणजे उजेड आणि लाइट म्हणजे हलका. राइट म्हणजे बरोबर, राइट म्हणजे उजवा, राइट म्हणजे हक्क, आणि निराळ्या अक्षरांनी लिहिलेला राइट म्हणजे लिहिणे. मूल गोंधळते. पण आपण मराठीत का गोंधळत नाही? 'वर' म्हणजे वरती, 'वर' म्हणजे नवरदेव, आणि देवाने दिलेला तोही 'वर'च. 'मान' म्हणजे गळ्यावरची, आणि 'मान' म्हणजे सन्मान. 'वर माळ्यावर चढला' असे म्हटले तर कोण चढला ते आपल्याला वाक्यावरून कळते. म्हणून मी सांगते, मुलांकडून नुसते 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असे घोकून घेऊ नका. शब्दाला एक वाक्य जोडा. मराठीत जोडले तरी चालेल. 'कॅट मॅटवर बसली.' 'बॅट रात्री उडते.' 'बॅटने चेंडू मारला.' वाक्यात घातला की शब्दाचा अर्थ पक्का होतो.

दुसरा खळगा डोळ्याचा. इंग्रजीत जसे लिहितात तसे वाचत नाहीत. पी-यू-टी पुट होते, मग बी-यू-टी बट का, हा प्रश्न आपल्याकडे कितीतरी मुलांनी विचारला असेल. त्याचे कारण मौजेचे आहे. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना काढला. छापखाने आले आणि शब्दांची अक्षरे हळूहळू ठरून गेली. पण लोकांची बोली काही थांबली नाही. उच्चार बदलत गेले आणि अक्षरे जुनीच राहिली. रात्र या अर्थाच्या 'नाइट' शब्दात मधे 'जीएच' लिहितात. ते फुकट नाही. एके काळी लोक ते उच्चारीत असत. आता उच्चार गेला, अक्षरे मागे राहिली, जशी मोडलेल्या घराची जोती राहतात.

आणि आपण फार हसू नये. आपली देवनागरी पुष्कळ सरळ आहे हे खरे, पण तिच्यातही असे आहेच. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' मोठ्याने म्हणून पाहा. सारखा आहे का? 'जग' म्हणजे दुनिया, आणि 'जग' म्हणजे पाण्याचे भांडे. अक्षरे तीच, पण 'ज' वेगळा. आपल्याला ते कळते, कारण आपण ते शब्द वाचण्याच्या आधी ऐकलेले असतात.

आता याच संबंधात घडलेली एक गोष्ट सांगते. माझ्या शेजारी एक कुटुंब राहते. आई शाळेत गेलेली नाही. मुलगी तिसरीत. संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती, मी तिच्याशी बोलत बसले होते, आणि मुलगी ओट्यावर अभ्यास करीत होती. यमकाचे शब्द लिहायचे होते. मुलीने 'कम' लिहिले, म्हणजे ये, आणि त्याच्यासमोर 'होम' लिहिले, म्हणजे घर. तिचे बरोबरच होते तिच्या परीने. दोन्ही शब्दांच्या शेवटी 'ओ-एम-ई' ही तीच तीन अक्षरे. डोळ्याला जोडी अगदी सारखी. तिने ती मोठ्याने वाचली, "कम, होम." आईने सुपातून मानही वर केली नाही. म्हणाली, "कम नि होम? हे कुठं जुळलं गं?"

मुलगी म्हणाली, "आई, तुला वाचता येत नाही. अक्षरं सारखी आहेत."

आई म्हणाली, "अक्षरं असतील. ऐकायला नाही सारखं."

भगिनींनो, आईचे बरोबर होते! 'कम' जुळतो 'ड्रम'शी, म्हणजे ढोलाशी, आणि 'सम'शी, म्हणजे 'काही थोडे' या शब्दाशी. 'होम' जुळतो 'कोम'शी. कोम म्हणजे केस विंचरायचा कंगवा. त्याच्या शेवटी 'बी' लिहितात, पण उच्चारत नाहीत. पुस्तक वाचणारी मुलगी डोळ्याने फसली आणि पुस्तक न वाचणारी आई कानाने बरोबर आली. मी त्या मुलीला तसे सांगितले, तेव्हा ती आईकडे जरा वेळ पाहत राहिली. मग दुसरा शब्द घेतला आणि मला न विचारता आईला विचारले, "आई, हे ऐक. हे जुळतं का?" मला त्या दिवशी फार समाधान वाटले. आईला इंग्रजी आले नव्हते. पण अभ्यासात तिची जागा तिला मिळाली होती.

याचीच दुसरी बाजू अशी की, डोळ्याला मुळीच न जुळणारे शब्द कानाला जुळतात. हेअर म्हणजे केस, चेअर म्हणजे खुर्ची, बेअर म्हणजे अस्वल, स्टेअर म्हणजे पायरी. या सर्वांच्या शेवटची अक्षरे सारखी नाहीत. तरी यमक पक्के. म्हणून नियम एकच: यमक कानाने पाहावे. मूल पाठ मोठ्याने वाचीत असेल तर त्याला 'मनात वाच' म्हणू नका. मोठ्याने वाचू द्या, आणि आपण ऐका.

तिसरा खळगा जिभेचा. इंग्रजीत आखूड आणि लांब आवाज नीट वेगळे ठेवावे लागतात. शिप म्हणजे जहाज, शीप म्हणजे मेंढी. फिल म्हणजे भरणे, फील म्हणजे वाटणे. गाडी 'फुल' आहे म्हटले तर ती भरलेली आहे. 'फूल' आहे म्हटले तर ती मूर्ख आहे! आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसे लक्ष देत नाही, म्हणून इथे घोटाळा होतो. तसेच 'पेन' पाहा. लिहायच्या पेनमधला 'ए' आखूड, दुखण्याच्या पेनमधला लांब. लिहायचे पेन जुळते टेनशी, म्हणजे दहाशी, आणि हेनशी, म्हणजे कोंबडीशी. दुखण्याचे पेन जुळते ट्रेनशी. मराठी अक्षरांत मात्र दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मुलांनी इंग्रजी शब्दाखाली मराठीत उच्चार लिहून ठेवला, तर तो आधारापुरता मानावा. खरा उच्चार शिक्षकांच्या तोंडून ऐकावा. आपल्या लिपीनेही इंग्रजी आवाजांसाठी जागा केली आहे बरे का. बॅट आणि कॉट यांतली ती चंद्रकोर त्यासाठीच. २००९ साली शासनाने मराठीची वर्णमाला ठरवून दिली, तीत अॅ आणि ऑ यांना रीतसर स्थान मिळाले.

तिन्ही खळगे सांगून झाले. आता कोणी म्हणेल, "बाई, हे सगळे आमच्या वयाला कशाला?" त्यांना मी चार नावे सांगते. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला. स्त्री-शूद्रांनी इंग्रजी शिकावे असा आग्रह धरणारी कविता त्यात आहे. म्हणजे हा विचार आपल्याकडे एका बाईने पावणेदोनशे वर्षांपूर्वी मांडला. आनंदीबाई जोशी यांचे माहेर आपल्या कल्याणचे. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. त्यांनी त्यांना शिकवले, आणि १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या, तोच वारल्या. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्ती शिकवीत, पण घरातल्या बायकांचे टोमणे त्यांनाच सोसावे लागले. १९१० साली निघालेल्या त्यांच्या आठवणींत ते सगळे आले आहे. त्यांना जे सोसून मिळवावे लागले, ते आज आपल्या मुलीच्या दप्तरात आयते येते.

चौथे नाव एका व्यक्तीचे नाही, शाळेचे आहे, आणि ती लांबची नाही. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठ वर्षांच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. जन्मभर अंगठा उठवलेल्या हातांनी त्या सही करू लागल्या. नातवंडांनी आजीला शाळेत पोहोचवायचे, असा उलटा प्रकार. त्या आज्यांना वय आड आले नाही, तर आपल्याला का यावे?

आणि शिकवायचे कसे, तेही आपल्याच भागात दाखवून दिलेले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, ते १९५७ साली कोसबाडला गेले. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा होता. २०१४ साली पालघर जिल्हा निघाला, आणि बोर्डी-कोसबाड तिकडे गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात, गुरे चारायच्या कुरणात न्यायची. विकतची साधने नसतील तर पाने, बिया, खडे, शंख-शिंपले घ्यायचे. मुलाला जे माहीत आहे तिथून आरंभ करायचा. आपल्याकडे ठाकर, कातकरी पाड्यांवरची मुले आहेत. त्यांना तर घरच्या बोलीवरून पुस्तकी मराठीवर आणि तिथून इंग्रजीवर, अशा दोन पायऱ्या चढायच्या असतात. त्यांना घोकंपट्टी देऊन भागणार नाही. पण गाणे आणि यमक त्यांच्याही घरात आहेच.

तेव्हा मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. ती खर्चाची मुळीच नाही.

रोज दिवेलागणीनंतर दहा मिनिटे एकच घराणे घ्यावे. आज कॅटचे, उद्या ट्रेनचे. जुन्या पुठ्ठ्यावर शेवटची अक्षरे लिहावीत, आणि पुढच्या अक्षराच्या लहान लहान चिठ्ठ्या करून एकेक पुढे सरकवावी. मुलाने शब्द मोठ्याने म्हणावा, आईने कानाने 'जुळले' किंवा 'नाही जुळले' असे सांगावे. अडले तर शिक्षकांना विचारावे, त्यात कमीपणा नाही. मग मुलाने अर्थ सांगावा आणि शब्द घालून एक वाक्य करावे. गाण्याच्या भेंड्या लावतो तशा यमकाच्या भेंड्या लावाव्यात: एकीने मराठी शब्द द्यावा, दुसरीने मराठी यमक, तिसऱ्याने इंग्रजी शब्द, चौथ्याने त्याचे यमक. घरात येणारे बिल, औषधाचे वेष्टन, साबणाची वडी, स्टेशनावरची पाटी, यांवरचे शब्द मुलाला वाचायला लावावेत. आणि कोणी चुकले तर हसायचे नाही, मोठ्यांनीही नाही, लहानांनीही नाही. महिन्यातून एका शनिवारी सगळ्यांनी इथे मंडळात मुलांसह जमावे, आणि महिन्यात जमवलेली घराणी एकमेकींना ऐकवावीत.

एवढ्याने मूल इंग्रजीत पंडित होईल असे मी म्हणत नाही. भाषा मोठी आहे. तिला व्याकरण आहे, वाचन आहे, आणि शिक्षकाची जागा आईने घ्यावी असाही माझा आग्रह नाही. पण अभ्यासाच्या वेळी आई शेजारी बसलेली असणे, तिने कान देणे, आणि मुलाने तिला विचारावेसे वाटणे, या गोष्टी कुठल्याही शिकवणीच्या फीने मिळत नाहीत. मुलाला शब्द येतील तसे तिलाही येतील. वर्षभरात दोघांचे मिळून पन्नास-पाऊणशे शब्द सहज होतील, आणि त्यांतला एखादा उद्या दवाखान्यात, बँकेत किंवा गाडीत तिच्या उपयोगी पडेल.

यमक आपण कानाने जमवू, आणि अर्थ वाक्यातून शोधू. पुढच्या वर्धापनदिनी भाषणाऐवजी आपल्याच मुलांच्या आणि आयांच्या यमकाच्या भेंड्या इथे व्हाव्यात, अशी इच्छा व्यक्त करते.